फुलीच्या टाक्याकरिता कापडावर चौकटी आखणे
(कार्यानुभव : इयत्ता सहावी ते आठवी)

सातवीतील एक विद्यार्थिनी मॅटीच्या तुकड्यावर तुळशीवृंदावन भरीत आहे, अशी कल्पना करावी. तीन आठवडे तिने मन लावून काम केले आहे. पायाची ओळ झाली, डावा खांब झाला, मधला कोनाडा झाला. आता उजवा खांब डाव्यास जुळावयाचा, तो एका घराने चुकतो. ती पुन्हा मोजते, पुन्हा तेच. अखेर कापड घेऊन शिक्षिकेकडे येते व म्हणते, "बाई, माझे जुळत नाही. कुठे चुकले ते सापडतच नाही."

बाई मोजू लागतात. चूक उजव्या खांबात नसते, कोनाड्यातही नसते. ती असते अगदी पायाच्या ओळीत, म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीची. अठरा घरांऐवजी सतरा मोजली गेली आणि त्यावर पुढील सारी इमारत उभी राहिली. आता मार्ग दोनच : सर्व उसवावयाचे, किंवा चित्र वाकडे ठेवावयाचे. उसवू लागल्यास दोऱ्याला तूस येते, कापडाची घरे सैल पडतात, आणि घरून दुसरा तुकडा मागण्याचे धैर्य मुलीस होत नाही. कापड दप्तराच्या तळाशी जाते. वर्षअखेरीस नोंदवहीत शेरा पडतो : 'हस्तकौशल्य बेताचे.'

हा शेरा न्याय्य आहे काय? त्या मुलीचे टाके पाहिले तर ते एकसारखे, योग्य ताणाचे व एकाच दिशेचे आहेत. हातात दोष नाही. दोष मोजणीत झाला; आणि त्याहून मोठा दोष हा की, झालेली चूक तीन आठवडे तिला दिसू शकली नाही. ती दिसावी अशी कोणतीच खूण कापडावर नव्हती. अशी खूण करून देणे हे शिक्षकाचे काम आहे. कापडावर दर दहा घरांनी चौकटी आखण्याची रीत याचसाठी आहे, आणि तिचाच विचार या पाठात केला आहे.

चूक का होते?

फुलीचा टाका हा मोजून घालावयाचा टाका आहे. इतर भरतकामात कापडावर चित्र छापलेले वा रेखाटलेले असते व सुई त्या रेषेवरून चालते. फुलीच्या कामात कापड कोरे असते. चित्र असते ते शेजारी ठेवलेल्या चौकटीच्या कागदावर. कागदावरील एक घर म्हणजे कापडावरील एक फुली. मुलाने कागदावर मोजावयाचे, ती संख्या मनात धरावयाची, नजर कापडाकडे वळवावयाची आणि तेथे तितकीच घरे पुन्हा मोजावयाची. कापडावरील घरे सारी एकाच रंगाची व एकाच आकाराची. सतरावे घर अठराव्याहून कोणत्याही प्रकारे वेगळे दिसत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तीनचार वस्तू समोर असल्या तर त्या किती हे मनुष्य न मोजता, एका दृष्टिक्षेपात सांगू शकतो. त्यापुढील संख्येस मात्र मोजावेच लागते, आणि मोजताना कोणी हाक मारली, खडू पडला, घंटा झाली की मोजणी तुटते. म्हणून लांबवर मोजण्याचा प्रसंगच येऊ नये अशी व्यवस्था करणे, हाच चुकीवरील खरा उपाय होय. "नीट लक्ष देऊन मोज," असे सांगणे हा उपाय नव्हे.

दर दहा घरांवर रेषा असली की चौकटीच्या आतील कोणतीही जागा जवळच्या रेषेपासून पाचांहून अधिक घरे दूर राहत नाही. त्यातच पाचव्या घरावर अर्धी खूण असेल तर ती जागा कोणत्या तरी खुणेपासून फार तर दोन घरांवर येते. म्हणजे मोजण्याचे काम जवळजवळ नजरेवरच भागते. आणि तरीही चूक झाली, तर ती त्या चौकटीच्या कडेपाशी आपोआप उघडी पडते. तीनशे टाक्यांनंतर कळावयाची चूक दहा टाक्यांत कळते. उसवावयाचे ते तेवढेच.

साहित्य

१. मॅटी, किंवा आयडा कापड. मॅटीत धाग्यांच्या जोड्या एकमेकींवर विणलेल्या असतात. त्यामुळे लहान लहान घरे दिसतात. आयडा कापडात घरांच्या कोपऱ्यांवरील छिद्रे अधिक स्पष्ट असतात.
२. बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई. टोकदार सुई धाग्यांच्या मधून जाण्याऐवजी धागा फोडून जाते.
३. खुणेचा दोरा. हा भरतकामाच्या दोऱ्याहून निराळा असावा. गुळगुळीत, पक्क्या रंगाचा, एकेरी शिलाईचा दोरा चालतो. मणी ओवण्यासाठी वापरतात तो बारीक रंगीत नायलॉनचा दोरा मिळाल्यास फारच उत्तम. कारण सुई त्याला फोडून जाऊ शकत नाही व तो शेवटी सुळकन निघून येतो.
४. चौकटीची वही, पट्टी, पेन्सिल, कात्री.

खुणेच्या दोऱ्याचा रंग कापडाहून व नक्षीतील दोऱ्यांहून वेगळा उठून दिसणारा असावा. परंतु तो कच्चा नसावा. ओल्या पांढऱ्या चिंधीवर दोरा दाबून घासून पाहावा. चिंधीस रंग लागला तर तो दोरा बाजूस ठेवावा. गडद लाल दोऱ्यांच्या बाबतीत ही परीक्षा अवश्य घ्यावी.

कापडाची परीक्षा

कापडावर पट्टी ठेवून एका इंचात किती घरे बसतात हे विद्यार्थ्यांकडून मोजवून घ्यावे. इंचास ११ घरे असतील तर दहा घरांची लांबी सुमारे २.३ सेंटिमीटर भरते. इंचास १४ असतील तर सुमारे १.८ सेंटिमीटर. प्रारंभीच्या वर्गास ११ घरांचे किंवा त्याहून मोठ्या घरांचे कापड द्यावे.

मोजणी उभ्या व आडव्या अशा दोन्ही दिशांनी करावी. पुष्कळशा मॅटीत उभे व आडवे धागे सारख्याच दाटीने बसलेले नसतात. दोन्ही मापांत फरक असेल तर गोल नक्षी लांबट होईल, हे विद्यार्थ्यांना आधीच कळावे. अशा कापडावर गोल नक्षी टाळून वृंदावन, दिवा, झाड अशी उभट नक्षी घ्यावी, म्हणजे फरक खटकत नाही.

कागदावरील तयारी

नक्षी प्रथम चौकटीच्या वहीत उतरवावी. दर दहा घरांनंतर पेन्सिलीने ठळक रेषा ओढावी व कडेला १०, २०, ३० असे आकडे घालावेत. कागदावर आखलेल्या ठळक रेषा आणि कापडावर घातलेल्या दोऱ्याच्या रेषा या तंतोतंत जुळल्या पाहिजेत. कागदावर नसलेली रेषा कापडावर उपयोगाची नाही आणि कापडावर नसलेली कागदावर उपयोगाची नाही.

पहिल्या नक्षीची रुंदी व उंची वीसच्या पटीत ठेवावी. याचे कारण असे : कापडाच्या मध्यापासून दोन्ही बाजूंस दहा दहा मोजावयाचे, तर मध्यरेषा ही दहाच्या रेषांपैकीच एक असली पाहिजे. रुंदी ४० घरे असेल तर मध्य विसाव्या रेषेवर येतो. उंची ६० असेल तर तिसाव्या रेषेवर. पण उंची ५० असेल तर मध्य पंचविसावर, म्हणजे चौकटीच्या पोटात येतो आणि घोटाळा होतो. आणि रुंदी ४१ असेल तर मध्य रेषेवर न येता घराच्या मधोमध येतो. अशा वेळी नक्षी बदलण्याचे कारण नाही. कडेने कोऱ्या ओळी वाढवून तीच नक्षी वीसच्या पटीतील चौकोनात बसवावी.

या पाठात ४० घरे रुंद व ६० घरे उंच असे तुळशीवृंदावन घेतले आहे. इंचास ११ घरांच्या कापडावर ही नक्षी सुमारे ९.२ सेंटिमीटर रुंद व १३.९ सेंटिमीटर उंच होईल. चारही बाजूंस ५ सेंटिमीटर मोकळे कापड सोडल्यास २० × २४ सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. कापल्यावर कडा लगेच धावदोऱ्याने किंवा काठावर टाके घालून बांधून घ्याव्यात. मॅटीची कड फार लवकर उसवते.

रेषा किती?

येथे शिक्षकाने वर्गास एक प्रश्न विचारावा. चाळीस घरांच्या रुंदीत दहादहाचे चार भाग होतात, तर उभ्या रेषा किती लागतील? पुष्कळ मुले 'चार' असे उत्तर देतील. त्यांना लगेच चूक म्हणू नये. फळ्यावर एका रांगेत भिंतीला भिंत लागलेल्या चार खोल्या काढाव्यात व भिंती मोजावयास सांगावे. चार खोल्यांना पाच भिंती लागतात, हे मुलांच्या डोळ्यांनाच दिसते. म्हणून उभ्या रेषा पाच. त्याचप्रमाणे उंचीत सहा भाग, म्हणून आडव्या रेषा सात. एकूण बारा.

दोरा किती लागेल, याचाही हिशेब मुलांनी करावा. पाच उभ्या रेषा प्रत्येकी १३.९ सेंटिमीटर, सात आडव्या प्रत्येकी ९.२ सेंटिमीटर, आणि प्रत्येक रेषेच्या दोन्ही टोकांस ५ सेंटिमीटर जास्त. बेरीज अडीच मीटरच्या आसपास येते. तीन आठवड्यांचे काम वाचविण्यास अडीच मीटर शिलाईचा दोरा, हा व्यवहार महाग नाही.

दोरा घालण्याची रीत

पहिली पायरी : कापडाची उभी घडी व आडवी घडी घालून मध्य शोधावा. घड्या जेथे छेदतात त्याच्या जवळचे छिद्र हे मध्यछिद्र. तेथे टाचणी लावावी.

दुसरी पायरी : उभ्या मध्यरेषेचा दोरा घ्यावा. मागील बाजूने सुई मध्यछिद्रातून वर काढावी. दोऱ्याचा निम्मा भाग मागे लोंबता ठेवावा. आता वरच्या दिशेने पाच घरे मोजून सुई खाली घालावी, पुढील पाच घरांनंतर वर काढावी. पाच वर, पाच खाली, हा क्रम तीस घरे होईपर्यंत चालू ठेवावा. नंतर मागे लोंबणारा अर्धा दोरा सुईत ओवून खालच्या दिशेने तसेच करावे : प्रथम पाच घरे कापडाच्या मागून, मग पाच वरून.

या रीतीत एक सोय आहे. दर दहाव्या छिद्रातून दोरा वर तरी येतो किंवा खाली तरी जातो. म्हणजे दोरा स्वतःच दहाची नोंद ठेवतो, आणि मधल्या पाचाचीही. मुलाने एका वेळी पाचांहून अधिक कधीच मोजावयाचे नाही.

तिसरी पायरी : त्याच मध्यछिद्रातून आडवी मध्यरेषा अशाच प्रकारे घालावी, डावीउजवीकडे वीस वीस घरे.

चौथी पायरी : आता उरलेल्या उभ्या रेषा. त्यांच्यासाठी नव्याने मोजण्याची आवश्यकता नाही. आडव्या मध्यरेषेचा दोरा ज्या ज्या दहाव्या छिद्रातून गेला आहे, तेच प्रत्येक उभ्या रेषेचे आरंभस्थान. तेथून वर व खाली, पहिल्या रेषेप्रमाणेच. त्यानंतर उभ्या मध्यरेषेच्या दहाव्या छिद्रांपासून उरलेल्या आडव्या रेषा.

पाचवी पायरी : टोकांस गाठ मारू नये. कडेच्या मोकळ्या कापडात एक छोटा उलटा टाका घेऊन दोरा सोडून द्यावा. दोरा ओढून ताणू नये; कापडास चुणी पडली तर पुढे सर्व मापे फसतात.

पडताळा

चौकटी घालून झाल्यावर भरतकामास लगेच आरंभ करू देऊ नये. आधी पडताळा घ्यावा, आणि तो शिक्षकाने नव्हे, शेजारच्या विद्यार्थ्याने घ्यावा.

पहिला पडताळा छेदांचा. उभी व आडवी रेषा जेथे एकमेकींस मिळतात, तेथे दोन्ही दोरे एकाच छिद्रातून गेले पाहिजेत. एक दोरा शेजारच्या छिद्रातून गेला असेल तर त्या रेषेत कोठेतरी चार किंवा सहा घरे मोजली गेली आहेत. बारा रेषांचे पस्तीस छेद होतात. पस्तिसांची तपासणी पाच मिनिटांत होते.

दुसरा पडताळा बाजूंचा. प्रत्येक चौकटीच्या प्रत्येक बाजूवर एक लांब टाका व एक मोकळी जागा, दोन्ही सारख्या लांबीची, दिसली पाहिजेत.

तिसरा पडताळा रेषांच्या संख्येचा : उभ्या पाच, आडव्या सात.

या टप्प्यावर सापडलेली चूक ही केवळ एका दोऱ्याची चूक असते. तो दोरा ओढून काढावा व पुन्हा घालावा. कोणाचेही काही बिघडत नाही. "चूक सापडली" हे वाक्य वर्गात आनंदाने उच्चारले जावे, इतपत मोकळीक शिक्षकाने ठेवावी. लपविलेली चूक वाढते, दाखविलेली चूक सुटते, हे मुलांना या ठिकाणी प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

भरताना

चौकटींना नावे द्यावीत. डावीकडून उजवीकडे क, ख, ग, घ आणि वरून खाली १ ते ६. म्हणजे प्रत्येक चौकटीस 'ख ३', 'ग ४' असा पत्ता मिळतो. तेच पत्ते वहीतील नक्षीवरही लिहावेत. मध्यापाशी असलेल्या एखाद्या चौकटीपासून काम सुरू करावे. एक चौकट पूर्ण झाली की तिच्या कडेच्या फुल्या नक्षीशी ताडून पाहाव्यात, वहीत बरोबरची खूण करावी आणि मगच शेजारच्या चौकटीत जावे.

सर्व फुल्यांतील वरचा टाका एकाच दिशेचा असावा. मागील बाजूने दोरा फार लांबवर नेऊ नये. तो खुणेच्या दोऱ्यावरून गेला तर खुणेचा दोरा त्यात अडकतो व शेवटी निघताना त्रास देतो. चौकटीच्या कडेवरील फुली घालताना सुई छिद्रातूनच जावी, खुणेच्या दोऱ्यातून जाऊ नये.

चौकटी काढणे

काम संपल्यावर खुणेचे दोरे काढावयाचे असतात. एकदम टोकापासून टोकापर्यंत ओढू नये. दोनतीन ठिकाणी वरील लांब टाका कात्रीने कापून लहान लहान तुकडे हळूच ओढावेत. एखादा तुकडा अडला तर जोर न करता कापड उलटे करून पाहावे. नायलॉनचा दोरा वापरला असेल तर तो पूर्णपणे निघाल्याशिवाय कापडावर इस्त्री फिरवू नये; उष्णतेने नायलॉन वितळते.

पेनने आखावे काय?

दोरा घालण्यास वेळ लागतो, म्हणून पेनने रेषा ओढाव्यात असे मनात येणे साहजिक आहे. शाईचे प्रकार नीट ओळखून मगच तसे करावे.

पेन्सिल व बॉलपेन वापरू नयेत. पेन्सिलीची पूड फिकट दोऱ्यात शिरून तो काळवंडतो. बॉलपेनची शाई निघतच नाही.

पाण्याने जाणारी, बहुधा निळी, खुणेची शाई बाजारात मिळते. तिच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम थंड साध्या पाण्यात कापड पूर्ण बुडवून शाई काढावी. त्यानंतरच साबण, नंतरच इस्त्री. शाई असताना इस्त्री फिरविल्यास वा गरम पाणी लागल्यास खूण पक्की बसण्याचा संभव असतो. हवेने उडणारी जांभळी शाईही मिळते. पण ती काही तासांत वा दोनचार दिवसांत, दमट हवेत त्याहूनही लवकर नाहीशी होते. आठवड्यातून एकदोन तासिका मिळणाऱ्या शालेय कामास ती निरुपयोगी होय. उष्णतेने नाहीशी होणाऱ्या शाईची खूण गडद कापडावर फिकट डागासारखी मागे राहू शकते, आणि अतिथंड जागी ती पुन्हा उमटते.

कोणतीही शाई वापरावयाची झाल्यास कापडाच्या कोपऱ्यावर आधी परीक्षा घ्यावी : खूण करावी, एक दिवस ठेवावी, धुवावी, वाळवावी, मग पाहावे. दोऱ्याच्या रेषेला यांपैकी कोणतीच भीती नाही. म्हणून लहान गावातील शाळेस दोरा हाच विश्वासाचा मार्ग आहे.

मॅटी न मिळाल्यास

चौकडीचे सुती कापड हे स्वतःच आखलेले कापड होय. शिंप्याकडे अशा कापडाचे लहान तुकडे उरतात. चौकडीच्या प्रत्येक घरात एक फुली घालावी व दर दहा घरांनी खुणेचा दोरा टाकावा. घरे लांबट नाहीत ना, हे मात्र पट्टीने आधी पाहावे.

साध्या कापडावर सरळ रेषा हवी असेल तर पट्टीपेक्षा कापडातील धाग्यावर विश्वास ठेवावा. कडेचा एक धागा सुईने उचलून हळूहळू ओढून काढला की जी बारीक वाट पडते, ती अचूक सरळ असते. तिला धरून कापड कापावे व मापे घ्यावीत.

इतर विषयांशी समवाय

वर्धा येथे १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेतून जी नई तालीम पुढे आली, तिचे सूत्रच असे होते की, हस्तोद्योग हा शिक्षणास जोडलेला वेगळा डबा नसून त्यातूनच इतर विषय शिकविले जावेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या टप्प्यात दहा दिवसांचा दप्तराविना काळ ठेवून स्थानिक कारागिरांकडून शिकण्याची कल्पना मांडलेली आहे. चौकटी आखण्याचा पाठ या दृष्टीने सोयीचा आहे.

एका चौकटीत १०० घरे असतात. म्हणून 'ख ३' मध्ये ३७ फुल्या असतील तर त्या चौकटीचा ३७ टक्के भाग भरला, हे वेगळे शिकवावे लागत नाही. संपूर्ण नक्षीत २४ चौकटी, म्हणजे २,४०० घरे. त्यांपैकी भरलेली किती, हे काढताना क्षेत्रफळ व शेकडेवारी दोन्ही येतात. 'ग ४' या पत्त्यावरून नकाशावरील स्थाननिश्चिती समजावून देता येते. इंच व सेंटिमीटर यांचे रूपांतर प्रत्येक मुलास स्वतःच्या कापडासाठी करावे लागते, म्हणून ते लक्षात राहते.

हा पाठ मुलींपुरता ठेवू नये. मोजणे, आखणे व पडताळणे ही कामे मुलांनाही तितकीच शिकावयाची आहेत. कापड विणणे व शिवणे यांवर आजही कित्येक पुरुषांचे घर चालते.

मूल्यमापनाविषयी

गुणदान करताना मोजणी व हात यांचा विचार वेगवेगळा करावा. टाक्यांचा सारखेपणा, ताण व दिशा हा हाताचा भाग; रेषांची अचूकता व पडताळा हा मोजणीचा भाग; आणि स्वतःची चूक स्वतः शोधून दुरुस्त केली असल्यास त्याचे स्वतंत्र श्रेय द्यावे. प्रारंभी सांगितलेल्या मुलीचा शेरा अशा तऱ्हेने पडला असता तर तो 'टाके उत्तम. चौकटी आखण्याचा सराव हवा' असा पडला असता. पहिला शेरा दार बंद करतो, दुसरा पुढचे पाऊल दाखवितो.

आणखी एक गोष्ट. चौकटी स्पष्ट असूनही, पडताळा घेऊनही, एखादे मूल वारंवार शेजारच्याच छिद्रात सुई घालीत असेल, कापड डोळ्यांजवळ नेत असेल, तर तेथे दोष लक्षाचा समजू नये. प्रथम त्यास खिडकीजवळ बसवावे व मोठ्या घरांचे कापड द्यावे. तरीही तेच घडल्यास पालकांना सांगून डोळे तपासून घ्यावेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत येणाऱ्या वैद्यकीय पथकाच्या तपासणीत दृष्टीचाही समावेश आहे. अशा मुलाचे नाव त्या वेळी आवर्जून पुढे करावे. फळा न दिसणारे मूल पुष्कळदा गप्प बसते; सुई मात्र ते सांगून टाकते.

चौकट केव्हा सोडावी?

धारवाडकडील कसूतीच्या कामात कापडावर काहीच आखीत नाहीत. इरकली लुगड्यावर गवंती, मुरगी, नेगी व मेंथी हे टाके केवळ धागे मोजून घातले जातात. त्यांतील मेंथी हा फुलीचाच टाका. कोल्हापूर, सोलापूर या भागांतील शिक्षकांना असे लुगडे गावातच पाहावयास मिळण्याचा संभव आहे. ते वर्गात अवश्य दाखवावे. ते पाहून एखादा विद्यार्थी विचारील, "गुरुजी, त्या बायांना चौकट लागत नाही, मग आम्हांलाच का?"

या प्रश्नाचे उत्तर मुलांच्या वह्यांतच आहे. पहिलीत अक्षर दुरेघी वहीत गिरविले जाते, पुढे एकरेघी येते, आणि शेवटी कोऱ्या कागदावरही ओळ सरळ येऊ लागते. दुरेघी वही म्हणजे कमीपणा नव्हे. अक्षरास वळण लागेपर्यंतचा तो आधार आहे. त्याचप्रमाणे पहिल्या नक्षीस दर दहा घरांच्या चौकटी घालाव्यात, दुसरीस दर वीस घरांच्या, तिसरीस केवळ उभी व आडवी मध्यरेषा. ज्या मुलास अडचण येईल त्याने पुन्हा दहावर यावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

स्वाध्याय

१. इंचास १४ घरे असलेल्या कापडावर ४० × ६० घरांची नक्षी किती सेंटिमीटर रुंद व उंच होईल?
२. ६० × ८० घरांच्या नक्षीस एकूण किती रेषा लागतील व त्यांचे छेद किती होतील?
३. ३५ × ५२ घरांची नक्षी दिली आहे. ती वीसच्या पटीतील चौकोनात बसविण्यास रुंदीत व उंचीत किती कोऱ्या ओळी वाढवाव्या लागतील?
४. शेजारच्या विद्यार्थ्याच्या कापडावरील सर्व छेद तपासून, जेथे दोरे एका छिद्रात मिळत नाहीत त्या जागांचे पत्ते लिहून द्या.

चौथा स्वाध्याय वर्गात करून घ्यावा आणि ज्याच्या कापडात चूक सापडली त्यानेच ती दुरुस्त करावी. त्या दिवशी कोणाचेही कापड दप्तराच्या तळाशी न जाता सर्वांची कापडे वर्गातील दोरीवर टांगली गेली, तर पाठ साधला असे समजावे.